आधी सावज ठरवा, मग दर्जे

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि धानाची कामे आटोपली की रात्री लिहीत बसते. सध्या परग्रहावरील एका शिकारी जमातीवर कादंबरी लिहिते आहे. त्यांच्या एका टोळीत चाळीस जण असतात आणि नऊ दर्जे असतात. सर्वांत वर महानायक, सर्वांत खाली ‘उष्टे’, म्हणजे उरलेसुरले खाऊन जगणारे. दरवर्षी द्वंद्व होते आणि जो जिंकेल तो महानायक होतो. ते रात्री शिकार करतात आणि त्यांची रात्र आपल्या अकरा दिवसांएवढी असते. सावज म्हणजे पाठीवर कवच असलेला, बैलबंडीएवढा, कळपाने फिरणारा प्राणी. माझी नायिका ‘उष्टे’ दर्जात जन्मते आणि शेवटी महानायक होते. माझा भाऊ म्हणतो की ही तर आपल्याच गावची उतरंड आहे. मैत्रीण म्हणते की लांडग्यांची गोष्ट वाचल्यासारखे वाटते. हे दर्जे आणि ही कामे खरी वाटतील अशी कशी बसवावीत? बायांनी शिकारीला जावे का? आणि पुस्तकाच्या सुरुवातीला दर्जांचा तक्ता द्यावा का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या भावाचे आणि मैत्रिणीचे, दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. पण खरी अडचण त्या दोघांच्याही आक्षेपाच्या अलीकडे आहे. पत्रासोबत पाठविलेली तीन प्रकरणे मी मन लावून वाचली. त्यांत नऊ दर्जांची नावे आहेत, कोणत्या दर्जाने कोणत्या रंगाचे कातडे पांघरावे याचे नियम आहेत, कोणी कोणासमोर किती वाकावे हेही आहे. मात्र तीन प्रकरणे संपेपर्यंत एकही शिकार होत नाही आणि ज्या प्राण्याच्या जिवावर ही सारी टोळी जगते, तो चौथ्या प्रकरणात पहिल्यांदा दिसेल असे तुम्ही समासात लिहून ठेवले आहे. म्हणजे दर्जे आधी ठरले आणि पोट कसे भरते हे मागाहून ठरणार आहे. शिकारीवर जगणाऱ्यांच्या बाबतीत याच्या उलट घडते. सावज कोणते, ते पडते कसे, त्याचे मांस किती दिवस टिकते आणि ते वाटतो कोण, एवढ्या गोष्टी ठरल्या की मान कोणाला आणि दबून कोणी राहायचे हे बहुतेक आपोआप ठरत जाते. तुम्ही सावज फार चांगले निवडले आहे, त्याला फक्त कामाला लावलेले नाही.

हिशेबाची एक बाब आधी उरकून घेऊ. चाळीस जणांतून लेकरे, म्हातारी, अंगावर पाजणाऱ्या आया, आजारी आणि जायबंदी वजा केले, तर शिकारीला जाण्याजोगे फार तर पंधरा-सोळा उरतील. त्यांची नऊ दर्जांत विभागणी केली, तर एका दर्जाच्या वाट्याला धड दोघेही येत नाहीत. ज्या टोळीत प्रत्येकाला प्रत्येकाची चाल, खोकला आणि राग अंधारातही ओळखू येतो, तेथे पदव्यांची फारशी गरज पडत नाही. पदव्या लागतात त्या सैन्यात किंवा कचेरीत, जेथे समोरचा माणूस कोण हे कपड्यांवरून ओळखावे लागते. तीन-चार भेद पुष्कळ झाले. नऊ दर्जे हवेच असतील, तर अनेक टोळ्या वर्षातून एकदा एकत्र येतात असा मेळा दाखवा आणि ते दर्जे तेथे वापरा.

आता लांडगे. सर्वांत दांडगा नर भांडून पुढारी होतो आणि बाकीचे त्याच्यापुढे शेपूट घालतात, हे चित्र आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहे. त्याचे एक मोठे मूळ स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राणिसंग्रहालयात आहे. तेथील बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कुंपणात एकत्र कोंडलेल्या आणि निघून जाण्याची सोय नसलेल्या जनावरांत जी भांडणे होतात, तीच त्यांत नोंदली गेली. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना सर्वदूर पोहोचविली. पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समेअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात अनेक उन्हाळे काढल्यावर १९९९ मध्ये त्यांनी स्वतःच ती दुरुस्त केली. रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक जोडपे आणि त्यांची लहानमोठी पोरे. पुढारी म्हणजे आईबाप. ते पुढारी होतात ते कोणाला हरवून होत नाहीत, आणि पोरे वयात आली की भांडत बसण्याऐवजी आपली वाट धरतात. तुमच्या तिन्ही प्रकरणांत कोण कोणाचा बाप, कोण कोणाची बहीण, कोण बाहेरून आलेले, याचा एकही उल्लेख नाही. मैत्रिणीला जे खटकले त्याचे कारण मला हेच दिसते. नाती आली की ही टोळी कुंपणातून बाहेर येईल.

दरवर्षीच्या द्वंद्वाबद्दल मला अधिक शंका आहे. पंधरा शिकाऱ्यांपैकी दोन सर्वांत चांगले शिकारी वर्षातून एकदा एकमेकांचे हातपाय मोडणार असतील, तर त्याचा भुर्दंड साऱ्या टोळीला भरावा लागेल. दाताने, नखाने किंवा भाल्याने पोट भरणाऱ्यांना जखम परवडत नाही, म्हणून शिकारी प्राण्यांत गुरगुरणे, अंग फुगविणे, मान खाली घालणे असे प्रकार पुष्कळ आणि प्रत्यक्ष फाडाफाड त्या मानाने थोडी असते. तरीही द्वंद्व ठेवायचेच असेल, तर जिंकणाऱ्याच्याही मांडीला अशी जखम होऊ द्या की पुढची अख्खी रात्र तो कळपामागे धावू शकणार नाही, आणि मग त्या रात्री टोळी कोणाच्या सांगण्यावरून चालली ते लिहा. त्या एका प्रसंगातून तुमच्या महानायकाबद्दल पहिल्या तीन प्रकरणांपेक्षा जास्त कळेल.

सावजाकडे वळू. बैलबंडीएवढा, कवचाचा, कळपाने राहणारा प्राणी एकट्याने पडत नाही, हे उघड आहे. बिबट्या एकटा राहतो, कारण तो जे मारतो ते त्याला एकट्याला मारता येते, झाडावर ओढून नेता येते आणि एकट्याने खाता येते. त्याच रानात रानकुत्रे टोळीने राहतात आणि सांबरासारखे आपल्यापेक्षा कितीतरी जड जनावर मिळून पाडतात. तुमच्या तालुक्यात नवेगाव आहे, पलीकडे नागझिरा आहे. रानकुत्र्यांची शीळ ऐकलेली माणसे तुमच्या गावात निश्चित असतील, त्यांच्याशी बोला. बंदीपूरच्या जंगलात ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७० च्या दशकात या प्राण्यांचा बारकाईने अभ्यास केला. रानकुत्र्यांविषयी मला सर्वांत लक्षणीय वाटणारी बाब अशी की शिकारीवर पिल्ले पोहोचली की मोठी जनावरे त्यांना आधी खाऊ देतात, आणि पिल्ले बिळातच असतील तर पोटात मांस भरून नेऊन त्यांच्यापुढे ओकतात. तुमच्या टोळीत मात्र महानायक आधी खातो आणि लेकरांचे काय होते ते तुम्ही लिहिलेलेच नाही.

तुमच्या प्राण्याचे कवच पाठीवर आहे, म्हणजे पोट मऊ असणार. तसे असेल तर कोणीतरी कळप फोडला पाहिजे, कोणीतरी एकाला बाजूला काढून ठरलेल्या जागी आणले पाहिजे, कोणीतरी वाट अडविली पाहिजे, आणि कोणीतरी ऐन वेळी त्या धुडाखाली शिरले पाहिजे. येथे तुमची खरी कामे जन्माला येतात. खाली शिरणारा अंगाने बारीक आणि चपळ हवा, बहुधा तरुण, आणि त्यांतले बरेच जण म्हातारे होत नसतील. माग काढणारा म्हातारा असला तरी चालेल, त्याला धावायचे नाही. कळप फोडणाऱ्यांची संख्या मोठी हवी, पण त्यांच्यापैकी एखादा चुकला तर दुसरा सावरून घेतो. वाट अडविणाऱ्याची चूक मात्र भरून निघत नाही. धानाच्या बांधीत रानडुकरांचा कळप शिरल्यावर जागलीवरची माणसे काय करतात ते तुम्ही पाहिलेले असेल. डबा बडविणारे वेगळे, टॉर्च घेऊन धुऱ्यावर धावणारे वेगळे, आणि कळप कोणत्या नाल्याने पळेल हे अचूक सांगणारा एखादाच असतो, जो बहुतेक वेळा जागचा हलतही नाही.

काम आणि दर्जा या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या आहेत, त्या वेगळ्या करा. नामिबियातील एटोशा येथे फिलिप स्टॅंडर यांनी सिंहिणींच्या शिकारी पाहून १९९२ मध्ये असे दाखविले की काही सिंहिणी नेहमी डाव्या किंवा उजव्या बाजूने वळसा घालून सावजाला घेरतात, काही मधोमध दबून बसतात, आणि प्रत्येकीला आपापल्या जागी उभे राहता आले तर शिकार साधण्याची शक्यता वाढते. या जागा कौशल्याच्या आणि सवयीच्या आहेत, मोठेपणाच्या नाहीत. माणसांत मात्र दोहोंची सांगड कशी वाकडी बसते, याचा दाखला आपल्याच जंगलांत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. त्याआधीच्या काळात साहेबांसाठी हाका होत असे, तेव्हा रान तुडवीत ओरडत येणारे हाकारे गावातले असत, माग काढणारा गावातला असे, आणि मचाणावर बसून बार टाकणाऱ्याचा फोटो निघत असे. जोखीम एकाकडे, ज्ञान दुसऱ्याकडे आणि मान तिसऱ्याकडे, अशी वाटणी तुम्हाला साधली तर टोळीत आपोआप ताण निर्माण होईल आणि खलनायक शोधावा लागणार नाही.

मांसाची वाटणी हा या सगळ्याचा गाभा आहे आणि नेमका तोच तुम्ही ‘मग सर्वांनी दर्जानुसार भोजन केले’ या एका वाक्यात उरकला आहे. ते वाक्य खोडा आणि तेथे आठ-दहा पाने लिहा. दक्षिण आफ्रिका खंडातील कलहारी वाळवंटात शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या कुंग सॅन लोकांमध्ये १९६० च्या दशकात राहिलेल्या रिचर्ड ली यांनी दोन रीती नोंदविल्या आहेत, त्या तुमच्या उपयोगाच्या आहेत. पहिली अशी की मारलेले जनावर हे ज्याने बाण सोडला त्याचे नसून ज्याच्या मालकीचा बाण होता त्याचे समजले जाते, आणि वाटणीची जबाबदारीही त्याचीच. बाण एकमेकांना दिले-घेतले जातात, त्यामुळे शिकारीला न जाणारा म्हातारा किंवा एखादी बाईसुद्धा मांसाची मालक ठरू शकते. दुसरी रीत अशी की शिकारी मोठे जनावर मारून आला तरी तोंड लहान करून ‘काही विशेष नाही’ असे म्हणतो, आणि आणायला गेलेले लोक ‘या हाडांसाठी आम्हाला एवढे चालविलेस का’ अशी थट्टा करतात. चांगल्या शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये यासाठी ही तजवीज असते, असे खुद्द त्या लोकांनीच त्यांना सांगितले.

तुमच्या टोळीची रीत अर्थातच यापेक्षा वेगळी असावी, पण ती इतकीच नेमकी असावी. कवच उलटे करून त्याचीच परात केली आहे असे समजा. सुरी कोणाच्या हातात आहे? काळीज कोणाला जाते, आणि ते देताना वाटणारा त्याच्याकडे बघतो की नजर वळवितो? खाली शिरलेला तरुण त्या रात्री मेला असेल, तर त्याचा वाटा त्याच्या आईला मिळतो की विझून जातो? वाटणाऱ्याने स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी उचलायचा, असा नियम केला तर तो किती काळजीने कापेल ते पाहा. आणि एखाद्या रात्री त्याने तो नियम मोडला, तर चाळीस जणांत कोणीही काही न बोलता काय बदलेल, तेही लिहा.

सत्ता आणि मान कसे वेगळे होतात याचा नमुना तुम्ही दरवर्षी पाहता. पोळ्याला तोरणाखाली मानाची जोडी आधी उभी राहते. ज्या घराचा तो मान आहे त्या घरची शेती कधीच विकली गेली असेल, बैल शेजाऱ्याकडून मागून आणले असतील, गावचा कारभार भलत्याच माणसाच्या हाती असेल, झडत्या म्हणणारे त्याच घराला टोमणे मारीत असतील. तरी ती जोडी आल्याशिवाय तोरण तुटत नाही. तुमच्या टोळीतही असे एखादे घराणे असू द्या, ज्याचे कोणी ऐकत नाही पण ज्याच्यावाचून रात्रीची पहिली शिकार सुरू करता येत नाही.

आता तुमच्या ग्रहाची सर्वांत मोठी देणगी सांगतो, जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. रात्र आपल्या अकरा दिवसांची असेल, तर दिवसही साधारण तेवढाच असणार. ही टोळी रात्री शिकार करते, मग उरलेले अकरा दिवस ती काय खाते? थंड, लांबलचक रात्रीत मांस टिकेल. सूर्य वर आला की ते नासू लागेल. म्हणजे पहाटेच्या आधी मांसाच्या पट्ट्या कापून वाळवायला टाकल्या पाहिजेत, त्या कुठेतरी साठविल्या पाहिजेत, आणि त्या साठ्यावर कोणीतरी बसले पाहिजे. रात्री ज्याच्या पायात वेग आणि नाकात माग आहे त्याचे राज्य. सूर्य उगवला की ज्याच्या ताब्यात कोठार आहे त्याचे राज्य. दर्जे दिवसातून दोनदा उलटतात, आणि संधिकाल, म्हणजे ज्या वेळी दोघांपैकी कोणाचे चालते हे स्पष्ट नसते, तो तुमच्या गोष्टीतला सर्वांत धोक्याचा काळ ठरतो. या एका गोष्टीवर कादंबरी उभी राहू शकते.

भावाच्या आक्षेपाचे उत्तरही याच कोठारात आहे. जन्माने ठरणारा, उष्ट्यावर जगणारा कायमचा तळचा वर्ग हे जातीचे चित्र आहे, यात वादच नाही. आणि रोज मारून रोज मिळून खाणाऱ्या टोळीत ते सहसा टिकत नाही, कारण ज्याला कमी मिळते तो आपले भाले उचलून दुसऱ्या टोळीत जाऊ शकतो. टांझानियातील हाड्झा लोकांचा अभ्यास केलेल्या जेम्स वुडबर्न यांनी १९८२ मध्ये हाच भेद मांडला : जे मिळविले ते लगेच खाऊन टाकणाऱ्या समाजांत बरीच समानता आढळते, आणि श्रमाचे फळ साठवून मागाहून खाणाऱ्या समाजांत मालकी, वारसा आणि अधिकार वाढतात. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील लोक शेतीवर जगत नव्हते, तरी सामन मासे वाळवून आणि धुरावून साठवीत असत; त्यांच्यात सरदार घराणी होती, सामान्यजन होते आणि गुलामही होते. तेव्हा ‘उष्टे’ हा दर्जा का आहे, याचे उत्तर तुम्हाला देता येईल. कोठार एका घराण्याकडे गेले, एका वाईट वर्षी काही कुटुंबांनी तेथून उसने मांस घेतले, ते फिटले नाही, आणि फिटले नाही म्हणून त्यांच्या लेकरांना शिकारीनंतर कवचे खरवडायचे काम लागले. उसनवारी कशी पिढीजात होते हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको. असा इतिहास दिला की ती नुसती गावची नक्कल राहणार नाही. दोन्हीकडे एकच यंत्र कसे चालते, हे भावाला दिसेल.

एका गोष्टीवर मला स्पष्ट बोलले पाहिजे. दुसऱ्या प्रकरणात ‘उष्टे’ लोकांना तुम्ही फासे लावून पाखरे धरायला लावले आहे, त्यांच्या तोंडी पारधी बेड्यावरच्या बोलीसारखी बोली घातली आहे, आणि चोरी झाली की टोळी त्यांच्याकडेच बोट दाखविते असे लिहिले आहे. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा अशी की माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविली गेली. फासेपारध्यांवरही तो शिक्का बसला, आणि १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही गावोगावच्या संशयातून त्यांची पुरती सुटका झाली नाही. ती माणसे तुमच्या जिल्ह्यात आणि आसपास आजही राहतात, त्यांची मुले शाळेत जातात आणि उद्या तुमची कादंबरी वाचू शकतात. त्यांना परग्रहवासी म्हणून दाखवू नका आणि तळाला तर मुळीच बसवू नका. त्यांच्याकडून शिकायचेच असेल तर तित्तिराच्या सवयींचे ज्ञान शिका, ते नायिकेला नव्हे तर टोळीतल्या सर्वांत आदरणीय माग्याला द्या, आणि फासे, बोली व संशय हे तिन्ही तेथून काढून टाका.

नायिकेच्या चढत्या प्रवासासाठी द्वंद्वापेक्षा चांगले मार्ग आहेत. आफ्रिकेतील ठिपकेवाल्या तरसांचे पाहा. आपल्याकडचा पट्टेवाला तरस वेगळा, तो फारसा टोळीने शिकार करीत नाही. ठिपकेवाल्यांत माद्या वरचढ असतात आणि पिल्लाला आईच्या खालोखाल दर्जा मिळतो. त्यातही गंमत अशी की धाकटी बहीण थोरलीच्या वर जाते, कारण आई धाकटीची बाजू घेते. बाहेरून आलेले नर सर्वांत खाली. अंगात किती ताकद आहे यापेक्षा भांडणाच्या वेळी मागे कोण उभे राहते, यावर हे सारे चालते. तुमच्या नायिकेला थोरली बहीण द्या. एका रात्रीत आपल्यापेक्षा बारीक अंगाची धाकटी आपल्यावर गेली, हे थोरलीला कळते तो प्रसंग दहा द्वंद्वांना भारी पडेल.

दुसरा मार्ग आफ्रिकी रानकुत्र्यांचा. बोत्सवानातील त्यांच्या टोळ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकारीला निघण्यापूर्वी ही जनावरे एकत्र जमतात आणि शिंकतात. शिंका पुरेशा झाल्या की टोळी निघते, नाहीतर पुन्हा आडवी होते. वरच्या दर्जाच्या जोडीपैकी कोणी पुढाकार घेतला तर तीनेक शिंका पुरतात, खालच्या दर्जाच्या जनावराने घेतला तर दहाच्या आसपास लागतात. म्हणजे तळच्याचे मत मोजले जाते, फक्त त्याला जास्त साथ जमवावी लागते. तुमच्या टोळीत शिंकेऐवजी जमिनीवर टाच आपटण्याची रीत असू द्या. जखमी महानायक ‘नको’ म्हणून बसला आहे, कळप दूर निघून चालला आहे, पहाटेला थोडाच अवधी उरला आहे आणि नायिका एकटीच टाच आपटते. मग तिची आई, मग ज्या माग्याला तिने मागे कधी पाणी आणून दिले होते तो, आणि बऱ्याच वेळाने थोरली बहीण. वाचक टाचा मोजत बसेल.

ती शेवटी महानायक व्हावी का, हा तुमचा निर्णय आहे. माझे मत विचाराल तर होऊ नये. तिच्या हाती वाटणीची सुरी येऊ द्या. कोठाराच्या किल्ल्या ज्या घराण्याकडे आहेत त्यांना महानायक बदलल्याने काही फरक पडत नाही, वाटणारा बदलला की पडतो.

बायांनी शिकारीला जावे का, याचे उत्तर छोटे आहे : अवश्य जावे. फिलिपिन्समधील आग्टा लोकांच्या काही गटांत बाया धनुष्यबाण आणि कुत्री घेऊन शिकार करीत असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे, आणि कांगोच्या जंगलात म्बुटी लोकांच्या जाळ्याच्या शिकारीत सावज जाळ्याकडे हाकण्याचे काम बाया करतात. त्यापेक्षा अवघड प्रश्न असा की त्या वेळी लेकरू कोणाकडे असते. अकरा दिवसांच्या रात्रीत बिळाशी थांबणाऱ्यांना तुम्ही आठव्या दर्जावर टाकले आहे, तेथे माझे तुमच्याशी जमत नाही. ज्याच्या भरवशावर पंधरा जण लेकरे टाकून निघून जातात त्याला टोळी खाली बसवेल असे वाटत नाही. एखादा म्हातारा, पाय अधू झालेला जुना शिकारी आणि एक वांझ म्हणून हिणविलेली मावशी अशी तिघे तेथे ठेवा, आणि परतणाऱ्या प्रत्येकाने आधी त्यांच्यापुढे मांस ठेवून मगच वाटणीला बसायचे असा दंडक करा.

तक्ता जरूर तयार करा, कारण कोणाचे नाते कोणाशी आणि कोणाचे उसने कोणाकडे हे तुम्हाला स्वतःला पाठ असले पाहिजे. मात्र तो वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा, पुस्तकात छापू नका. पहिली तीन प्रकरणे बाजूला ठेवून थेट शिकारीने सुरुवात करा आणि दुसऱ्या प्रकरणात वाटणी येऊ द्या. ते प्रकरण लिहून झाले की तुमच्या भावाला, काहीही न सांगता, वाचायला द्या आणि टोळीत कोण कोणाच्या वर आहे ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद वहीतल्या तक्त्याशी ताडून पाहा, आणि जेथे जुळणार नाही तेवढीच पाने पुन्हा लिहा.